तीन लाख सवलतीची आयात टिग्वान की संभाजीनगरला जोडलेली कोडिआक? हिशेब कसा मांडावा

सह्यकडा

नमस्कार मंडळी. पासिंग पुण्याला, नाव वैयक्तिक, घरात पाच माणसं, वर्षाला बारा-तेरा हजार किलोमीटर. दोन गाड्यांवर येऊन थांबलोय: फोक्सवॅगन टिग्वान आर-लाइन (पूर्ण तयार आयात) आणि स्कोडा कोडिआक (छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्यात जुळणी). पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स तेच, २.० टीएसआय, सात गतींचा डीएसजी (स्वयंचलित गिअरबॉक्स), चारही चाकांना ताकद.

टिग्वानच्या शोरूममध्ये मागच्या कॅलेंडर वर्षाची गाडी 'एकूण तीन लाखांपर्यंत' सवलतीत देऊ म्हणतात. कागदावर कॅश, एक्स्चेंज, लॉयल्टी, कॉर्पोरेट अशा चार ओळी आहेत. माझे प्रश्न असे:

या चारही ओळी एकाच गाडीवर लागतात का? सवलत खरी किती, हे कसं ओळखायचं? आयात गाडीची बांधणी इथे जोडलेल्या गाडीपेक्षा खरंच सरस असते का? घरच्यांचं म्हणणं वेगळंच आहे. एवढे पैसे घालण्यापेक्षा अपघात चाचणीत पाच तारे मिळालेली देशी गाडी घ्या, असं ते सांगतात. त्यावरही बोला.

---

पैपैहिशेब

सवलतीकडे नंतर वळा, आधी रोड टॅक्स बघा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि २० लाखांवर १३ टक्के एकरकमी कर आहे. गाडी आयात असेल किंवा कंपनीच्या नावावर असेल, तर सरळ २० टक्के. कराची कमाल मर्यादा आता ३० लाख आहे, पण तुमची गाडी तिच्या जवळपासही जात नाही.

समजायला सोपं पडावं म्हणून दोन्हींची एक्स-शोरूम किंमत ४५ लाख धरा.

आयात गाडी: ४५ लाखांचे २० टक्के, म्हणजे ९ लाख.
इथे जोडलेली: ४५ लाखांचे १३ टक्के, म्हणजे ५ लाख ८५ हजार.

फरक ३ लाख १५ हजार. तुमची तीन लाखांची सवलत इथेच संपली आणि वर पंधरा हजार गेले. दोन कोटेशन शेजारी ठेवताना एक्स-शोरूमचा आकडा बघूच नका. दोन्हींची ऑन-रोड बेरीज लिहून घ्या आणि त्यात आरटीओची ओळ वेगळी मागा. काही शोरूम पहिल्या कोटेशनमध्ये आयात गाडीलाही १३ टक्केच धरतात आणि पासिंगच्या वेळी फरक मागतात. बुकिंगची रक्कम देण्याआधी 'आयात वाहन, कर २० टक्के' असं लेखी घ्या.

दुसरी गोष्ट, किमतीचे जुने लेख वाचून तुलना करू नका. एप्रिल २०२५ मध्ये टिग्वान आर-लाइन ४८.९९ लाखांना आली आणि कोडिआक ४६.८९ पासून. तेव्हा या वर्गाला २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरसकट ४० टक्के झाले. १४० भागिले १५० या एका गणितानेच टिग्वान पावणेसेहेचाळीस लाखांच्या आसपास उतरली. म्हणजे आधीच्या किमतीच्या तुलनेत 'इतके लाख कमी' असं कोणी सांगितलं, तर त्यातला सव्वातीन लाखांचा भाग कर कपातीचा आहे. तो शोरूमची सवलत म्हणून मोजू देऊ नका.

दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने तुमच्या नावे गोळा केलेला आयकर) लागतो. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्रात परत मिळतो. मात्र इनव्हॉइसवर तुमचाच पॅन आहे ना, ते बघा. पॅन चुकला तर २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या करजमेच्या पत्रकात) रक्कम दिसत नाही आणि मग शोरूमच्या फेऱ्या सुरू होतात.

---

शोरूमपल्याड

चारही ओळी एकत्र लागत नाहीत, आणि 'पर्यंत' हा शब्द तेवढ्यासाठीच असतो.

कॅश किंवा 'कन्झ्युमर ऑफर' ही कंपनीची, सर्वांना लागू. एक्स्चेंज बोनस आणि लॉयल्टी बोनस यांपैकी बहुतेक ठिकाणी एकच मिळतो. एक्स्चेंजला जुनी गाडी कोणत्याही कंपनीची चालते, लॉयल्टीला त्याच कंपनीची लागते. स्क्रॅपेज बोनस (जुनी गाडी भंगारात दिल्याचा) घेतला की एक्स्चेंज कापला जातो. कॉर्पोरेट सवलत कंपनीच्या यादीवर चालते. तुमची नोकरी त्या यादीत नसेल, तर ती ओळ तुमच्यासाठी शून्य. तेव्हा विक्रेत्याला विचारायचं ते असं: 'या चारपैकी माझ्या नावावर, माझ्या कागदपत्रांवर, या महिन्यात कोणत्या लागतात? तेवढ्याच लिहून द्या.'

कागदपत्रं आधीच तयार ठेवा. कॉर्पोरेटसाठी ओळखपत्र आणि अलीकडच्या पगारपावत्या. एक्स्चेंजसाठी जुन्या गाडीच्या आरसीची प्रत आणि नंतर नाव बदललेली आरसी. जुनी गाडी ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच किंवा रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या नावावर नवी गाडी हवी. सासऱ्यांची गाडी देऊन जावयाच्या नावावर नवी घेतली, तर इथेच दावा अडकतो. स्क्रॅपेजसाठी नोंदणीकृत भंगार केंद्राचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट लागतं, भंगारवाल्याची साधी पावती चालत नाही. त्या प्रमाणपत्रावर रोड टॅक्समध्येही सूट आहे, म्हणून पासिंगचा अर्ज भरण्याआधीच ते द्या.

आता मुख्य मुद्दा, सवलत *कशी* मिळते. तीन प्रकार आहेत.

एक, इनव्हॉइसवर जीएसटीआधीच वजा. हा सगळ्यात स्वच्छ. करपात्र किंमत कमी होते, टीसीएस कमी होतो, आणि सवलत हातात आली की नाही हा प्रश्नच राहत नाही.

दोन, इनव्हॉइस पूर्ण किमतीचं आणि बोनस नंतर खात्यात. इथे गाडी घेताना पूर्ण पैसे भरावे लागतात, कर्जही पूर्ण रकमेवर निघतं. कंपनीने दावा मंजूर केला की शोरूम पैसे देतं. कागद अपुरा निघाला तर देत नाही. हा प्रकार घ्यायचाच असेल, तर रक्कम, तारीख आणि 'कंपनीने दावा नाकारला तरी देय' हे शब्द शोरूमच्या लेटरहेडवर शिक्क्यासह घ्या.

तीन, वस्तुरूपात: पहिल्या वर्षाचा विमा, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरीज. यात आकडा फुगतो. साठ हजारांच्या अॅक्सेसरीज म्हणजे मॅट, कव्हर, दाराच्या पट्ट्या आणि सिरॅमिक कोटिंग. बाहेरचे भाव काढा आणि तेवढेच मोजा. वाढीव वॉरंटी मात्र या वर्गाच्या गाडीत मोलाची आहे. ती मिळत असेल तर अॅक्सेसरीज सोडून ती मागा.

योजनेचं परिपत्रक महिन्याचं असतं. पण महिना कशाचा, बुकिंगचा, इनव्हॉइसचा की वाहन पोर्टलवरच्या नोंदणीचा? बहुतेक वेळा बुकिंगच्या तारखेला काही अर्थ नसतो. २८ तारखेला बुकिंग केलं आणि इनव्हॉइस पुढच्या महिन्यात झालं, तर जुनी योजना गेली. बुकिंगच्या कागदावर 'सवलत इनव्हॉइसपर्यंत कायम' असं लिहून घ्या.

सवलत परत काढून घेण्याच्या जागाही सांगतो. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाची वेगळी पावती रद्दच करायला लावा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. त्याच आयडीव्हीचा (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा) आणि त्याच अॅड-ऑनचा बाहेरचा हप्ता काढून समोर ठेवा. आणि कर्ज. 'ही सवलत फक्त आमच्या फायनान्सवर' असं म्हणाले की व्याजदर बघा. ३० लाख, पाच वर्षं, ९ टक्क्यांनी हप्ता साधारण ६२,२७५ येतो आणि साडेनऊने ६३,००५. महिन्याला सातशेतीस रुपये किरकोळ वाटतात, पण साठ महिन्यांत ते ४४ हजारांच्या घरात जातात.

---

नटबोल्टवाडी

दर्जाच्या प्रश्नावर. आयात म्हणजे चांगली आणि इथली म्हणजे डावी, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. फरक कारखान्यात कमी आणि स्पेसिफिकेशनमध्ये जास्त असतो.

उदाहरण उलट बाजूने बघा. गुजरातमध्ये बनणारी मारुती फ्रॉन्क्स २०२४ पासून जपानला जाते. राजस्थानात टपूकडाला बनणारी होंडा एलिव्हेट तिथे डब्ल्यूआर-व्ही नावाने विकली जाते. पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानात आली तेव्हा मागणी इतकी झाली की सुझुकीला काही दिवसांतच बुकिंग थांबवावं लागलं. जपानी गिऱ्हाईक दारांच्या फटी आणि रंगाबद्दल किती काटेकोर असतं, हे वेगळं सांगायला नको. तेच कामगार, तेच प्रेस, तेच वेल्डिंग. पण जपानला जाणाऱ्या फ्रॉन्क्सला फोर-व्हील ड्राइव्ह आणि चालकसहाय्य यंत्रणा मिळाली, ती इथल्या गाडीत नव्हती. गाडी कुठे बनली त्यापेक्षा कोणासाठी बनली, ते विचारा.

तुमच्या जोडीतही तेच आहे. दोन्ही गाड्या एमक्यूबी इव्हो या एकाच पायावर उभ्या आहेत आणि इंजिन २०४ पीएस, ३२० न्यूटन-मीटर. शेंद्र्यातली जुळणी किटवरून होते, म्हणजे मुख्य भाग युरोपातूनच येतात. २००१ मध्ये ऑक्टाव्हियापासून तिथे हेच काम चालू आहे. कोडिआकचे स्क्रू इथे आवळले म्हणून ती खुळखुळेल, याला आधार नाही. युरो एनकॅपमध्ये (युरोपातली अपघात चाचणी) २०२४ साली दोघींनाही पाच तारे मिळाले.

पण इथेच नीट बघा. युरोपातले ते तारे आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेसह मिळालेले आहेत. भारतात टिग्वान आर-लाइन ती यंत्रणा घेऊन आली. कोडिआक इथे आली तेव्हा एअरबॅग नऊ होत्या, ही यंत्रणा नव्हती. ज्याला 'दर्जातला फरक' म्हणायचं, तो हा आहे. तुम्ही बघताय त्या व्हेरिएंटच्या आजच्या माहितीपत्रकात ही ओळ शोधा, विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. उलट मागची तिसरी रांग कोडिआकमध्येच मिळते, तीही सगळ्या व्हेरिएंटला नाही.

घरच्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. भारत एनकॅप, म्हणजे आपल्याकडची अपघात चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, आणि त्यात ताशी ६४ किमीने समोरून ऑफसेट, ५० ने बाजूने आणि २९ ने खांबावर अशा चाचण्या होतात. टाटा हॅरियर आणि सफारी डिसेंबर २०२३ मध्येच त्यात पाच तारे घेऊन बाहेर पडल्या. मात्र भारत एनकॅपचे पाच आणि युरो एनकॅपचे पाच यांची थेट तुलना करू नका, गुण देण्याची पद्धत निराळी आहे. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन आणि स्कोडा कुशाक या लहान गाड्यांना २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. त्यांतले बहुतांश भाग इथलेच असल्याने बंपर आणि आरसे लवकर मिळतात. चार-पाच माणसं आणि वर्षाला बारा हजार किमी, एवढ्यासाठी अर्धी किंमत पुरते की नाही, याचा निर्णय घरीच होईल.

---

गॅरेजगल्ली

बांधणीबद्दल वरच्यांशी सहमत. रोजच्या वापरात आयात गाडी अडते ती सुट्या भागांवर.

तेलं, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग यांची अडचण येत नाही. इंजिन एकच असल्याने ते कोडिआकच्या साठ्यातूनही निघतं. अडतं ते बाहेरचं कवच: समोरची काच, हेडलाइट, बंपर, फेंडर, आरसा, बंपरमागचा रडार. रिक्षाने कोपरा घासला तरी तो बंपर फक्त याच मॉडेलचा लागतो, इथे साठ्यात नसेल तर बाहेरून येतो आणि त्याला आठवडे लागतात. बुकिंगआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट खिडकीवर जा आणि चार गोष्टींचा भाव व साठा विचारा: पुढची काच, डावा हेडलाइट, पुढचा बंपर, मिश्रधातूचं एक चाक. कॅमेरा असलेली काच बदलली की कॅलिब्रेशन करावं लागतं. ते पुण्यात होतं का आणि त्याचे किती, हेही विचारा.

विम्यात झिरो-डेप (घसारा न कापणारी जोड) घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि आजच्या गाडीचं नाक म्हणजे सगळं प्लास्टिकच. काचेवर घसारा नसतो. रिटर्न-टू-इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर इनव्हॉइसची रक्कम देणारी जोड) घेत असाल, तर लक्षात ठेवा की ते इनव्हॉइसवरच्या रकमेशी बांधलेलं असतं. सवलत इनव्हॉइसवर वजा झाली असेल, तर भरपाईही त्या कमी आकड्यावर. यात काही गैर नाही, फक्त आधी माहीत असावं.

टायर. टिग्वानला १९ इंची चाकं आहेत, बाजूची भिंत बुटकी. खड्ड्यात टायर चिरला की चाकाची कडही वाकते. तोच मापाचा टायर पुण्यात दोन दुकानांत तरी मिळतो का, ते बघून ठेवा. पेट्रोलच्या झाकणामागे किमान ऑक्टेन आणि ई२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) उल्लेख वाचा. आयात गाडीत हे वाचायला कंटाळू नका.

---

सह्यकडा

रोड टॅक्सचा फरक डोक्यातच नव्हता. आज कोटेशन पुन्हा मागवलं, त्यात १३ टक्केच धरले होते. आता एकच राहिलं. 'मागच्या वर्षीची' म्हणजे नेमकी कधीची, आणि यार्डात उभ्या राहिलेल्या गाडीत काय तपासायचं?

---

नटबोल्टवाडी

उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म २१ मध्ये, म्हणजे विक्री प्रमाणपत्रात असतो, आणि तोच आरसीवर छापला जातो. चासी नंबर मागा आणि पैसे देण्याआधी त्या नंबरचा महिना लेखी घ्या. आयात गाडी कारखान्यातून बंदर, जहाज, इथलं बंदर, यार्ड अशी येते. त्यामुळे इथल्या गाडीपेक्षा ती दोन-तीन महिने जुनी असणारच. मागच्या नोव्हेंबरची असेल तर हरकत नाही. मागच्या मार्चची असेल तर रीसेलला ती पूर्ण एक वर्ष जुनी धरली जाईल, आणि तीन लाखांतून तेवढं आधीच वजा करा. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होते, टायर आणि बॅटरी मात्र तारखेची वाट बघत नाहीत.

आणखी एक. आयात शुल्क सध्या गाडीच्या किमतीनुसार ७० ते ११० टक्क्यांच्या घरात आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये करार झाला, आणि युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्या. दोन्हींत गाड्यांना कोट्याने सवलत आहे. शुल्क उतरलं की आज पूर्ण शुल्क भरून घेतलेल्या आयात गाडीचा रीसेलही त्यासोबत उतरेल. पाच वर्षांत विकायची असेल तर हे धरा.

तपासणी पासिंगच्या आधी, उन्हात, गाडी धुतलेली आणि कोरडी असताना करा:

पाचही टायरवर डीओटीपुढचे चार आकडे वाचा. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. गाडीच्या महिन्यानंतरचा टायर दिसला, तर तो का बदलला ते विचारा. यार्डात हवा मुद्दाम जास्त भरतात, ती दाराच्या खांबावरच्या आकड्यावर आणून मगच चाचणीला निघा. ५०-६० च्या वेगात थरथर आली आणि दहा-पंधरा किमीनंतरही गेली नाही, तर उभं राहून टायरला सपाट डाग पडलेत.

बॅटरी रात्रभर बंद गाडीवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.४ च्या खाली असेल तर ती उपाशी उभी होती. चार्ज करून चालवतो म्हटलं तरी नवी मागा. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत अशी बॅटरी वर्ष-दीड वर्षात दगा देते आणि त्याआधी नको ते इशारे दाखवायला लागते.

ब्रेक डिस्कवरचा पातळ गंज चार ब्रेकमध्ये निघतो. कडेला खोल खड्डे दिसले तर डिस्क बदलून मागा.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं. कारखान्याचा रंग ८० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान, आणि शेजारच्या दोन पत्र्यांत फारसा फरक नसतो. एखाद्या दारावर २०० च्या वर आकडा आला, तर बंदरावर किंवा ट्रेलरवर लागून तो पुन्हा रंगवलाय. बंपर प्लास्टिकचे आहेत, तिथे साधं यंत्र चालत नाही, म्हणून रंगाची छटा तिरक्या उजेडात फेंडरशी जुळवा.

बॉनेट उघडून इन्सुलेशनच्या कडा आणि वायरिंगवरची टेप बघा, यार्डात उंदीर तिथेच कुरतडतात. केबिन फिल्टर काढायला दोन मिनिटं लागतात, त्यात गवत किंवा लेंड्या दिसल्या तर वायरिंगही सविस्तर बघायला सांगा.

---

पैपैहिशेब

चासी नंबरबाबत पुस्ती. एमए ते एमई ही भारताची अक्षरं, डब्ल्यू जर्मनीचं, टीएमबी झेक स्कोडाचं. पण किटवर जोडलेल्या काही गाड्यांवर मूळ देशाचीच अक्षरं राहतात, म्हणून फक्त त्यावरून 'आयात' ठरवू नका. आयात गाडीमागे सीमाशुल्काची बिल ऑफ एंट्री असते. तिची प्रत मागून घ्या, पासिंगलाही लागते आणि पुढे विकतानाही. सुधारित कोटेशन आलं की दोन्ही ऑन-रोड आकडे इथे टाका, ओळीने बघू.